विलंब आणि विलंबित : ऑनलाइन तालमीत नेमकं काय हरवतं?

संगीत आणि संगणक असा विषय निघाला की श्रोत्यांना वाटतं, आता आम्ही काहीतरी नवं वाद्य दाखवणार किंवा गाणारं यंत्र आणणार. आज तसलं काही नाही. आज आपण एका अगदी घरगुती गोष्टीबद्दल बोलणार आहोत : व्हिडिओ कॉलवरची गाण्याची शिकवणी. २०२० च्या टाळेबंदीत ती नाइलाजाने सगळीकडे सुरू झाली. टाळेबंदी संपली, पण शिकवणी राहिली. गुरुजी पुण्यात, शिष्या न्यू जर्सीत. इकडे सकाळचे साडेसात, तिकडे आदली रात्र. भैरव शिकायची वेळ कुणाची धरायची, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

या शिकवणीबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, समोर बसल्याशिवाय गाणं येतच नाही. दुसरं म्हणतं, आवाज येतो, चेहरा दिसतो, मग अडचण काय? आम्हाला दोन्ही मतं घाईची वाटतात. काय हरवतं आणि काय टिकतं हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं, काही ठिकाणी तर मिलिसेकंदात मोजून. मिलिसेकंद म्हणजे एका सेकंदाचा हजारावा भाग. हा शब्द आज वारंवार येईल.

आधी एक छोटा प्रयोग इथंच करू. पहिल्या रांगेतल्यांनी एका लयीत टाळ्या वाजवा, आणि मागच्या रांगेने डोळे मिटून, फक्त ऐकून, त्यांना साथ द्या... (टाळ्या.) बघा, पुढच्यांना मागचे मागे पडल्यासारखे वाटले, आणि मागचे म्हणताहेत आम्ही बरोबर होतो. दोघंही खरं बोलताहेत. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात जेमतेम एक फूट. हे सभागृह वीसेक मीटर लांब आहे. पुढची टाळी मागे पोचायला ५८ मिलिसेकंद, आणि मागची परत पुढे यायला तेवढेच. पुढच्यांना ऐकू आला तो उशीर ११६ मिलिसेकंदांचा.

आता मैफलीतली बैठक आठवा. गवई मध्ये, तबला एका हाताला, पेटी दुसऱ्या हाताला, मागे तानपुरे. तबला आणि गवई यांच्यात दीड मीटर धरा. आवाजाला लागले चार ते पाच मिलिसेकंद. ही बैठक कुणी भौतिकशास्त्र वाचून ठरवलेली नाही, पण ती कानाला मानवते म्हणून टिकली. मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस मीटर सहज होतात, म्हणून तिथे वादक कानापेक्षा संचालकाच्या हाताकडे बघून चालतात. प्रकाशाला उशीर होत नाही.

या उशिराचा माणसावर काय परिणाम होतो, हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि मायकेल गुरेविच यांनी तपासलं. त्यांचा निबंध २००४ चा आहे. दोन माणसं दोन वेगळ्या खोल्यांत. कानाला हेडफोन. एकमेकांत गुंफलेला टाळ्यांचा एक सोपा आकृतिबंध दोघांनी मिळून वाजवायचा. मधल्या तारेत संशोधक हवा तेवढा उशीर घालणार. उशीर वाढला की लय उतरत गेली, हे अपेक्षितच होतं. मी तुमची टाळी उशिरा ऐकतो, म्हणून जरा थांबतो. माझी टाळी तुम्हाला आणखी उशिरा पोचते, म्हणून तुम्ही थांबता. दोघंही नम्र, आणि गाडी 'आधी आप' करत मंदावते. गंमत दुसऱ्या टोकाला आहे. उशीर अगदी कमी केला तेव्हा लय किंचित चढायला लागली. जिथे ती ना चढली ना उतरली तो आकडा आला ११.५ मिलिसेकंद. हवेतल्या अंतरात सांगायचं तर जवळपास चार मीटर, एक बऱ्यापैकी मोठी खोली! साथीला बसणाऱ्यांना यात फारसं नवल वाटणार नाही, मोकळी सोडली की लय चढते हे त्यांना ठाऊक असतं. उशीर थोडा असला तर तो लगाम म्हणून काम करतो, एवढं या प्रयोगातून कळलं.

पुढचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे आयटीयूची, 'जी.११४' नावाची एक शिफारस आहे. तिच्यानुसार संभाषणासाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांपर्यंत असेल तर बहुतेकांना चालतो. बोलण्यासाठी हे अगदी खरं आहे. आपण एकमेकांचं वाक्य संपेपर्यंत थांबतो, त्यात सेकंदाचा सातवा भाग कुठे जाणवणार? सगळी कॉलची ॲप याच हिशोबाने बांधलेली आहेत. पण एकत्र वाजवायचं असेल तर पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या पुढे दम लागायला लागतो. संभाषणाला चालणारा उशीर आणि संगीताला चालणारा उशीर यांत पाच-सहा पटींचं अंतर आहे, आणि शिकवणीचा बराचसा त्रास या अंतरात आहे.

हे १५० मिलिसेकंद मध्यलयीत, द्रुतात काय करतात, ते हिशोब करून बघू. गुरुजींनी हाताने तीनताल धरला आहे, लय मिनिटाला दोनशे मात्रा. म्हणजे एक मात्रा ३०० मिलिसेकंदांची. त्यांच्या समेची टाळी शिष्येला १५० मिलिसेकंद उशिरा पोचली. तिने त्या टाळीवर बरोब्बर सम गाठली. तिचा आवाज परत यायला आणखी १५०. गुरुजींना तिची सम ऐकू आली ती दुसऱ्या मात्रेवर. "अगं, सम चुकली!" ती म्हणते, "नाही हो गुरुजी, बरोबर आली." दोघंही खरं बोलताहेत, मघाशी टाळ्या वाजवणाऱ्यांसारखेच.

विलंबितात तरी सुटका होईल असं वाटतं. मात्रा चार सेकंदांची असेल तर ३०० मिलिसेकंद म्हणजे मात्रेचा तेरावा भाग. कागदावर नगण्य. पण कान टक्केवारीत ऐकत नाही. ठेक्याचा 'धा' आणि गाण्याचा स्वर यांच्यात सेकंदाचा तिसरा भाग पडला, तर मात्रा केवढीही लांब असो, समेचा तो एकत्र पडल्याचा आनंद गेलाच. सम चुकली असंही म्हणता येत नाही, आणि पडली असंही वाटत नाही.

मग हा उशीर येतो कुठून? इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण एकीवर इलाज आहे आणि दुसरीवर नाही.

इलाज नाही ती गोष्ट म्हणजे अंतर. काचेच्या तंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दोनशे किलोमीटरला एक मिलिसेकंद, असं सोपं गणित ठेवा. मुंबई ते न्यू यॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे एका दिशेला किमान ६२ मिलिसेकंद, आणि समुद्रातल्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात जास्तच. उद्या कितीही भारी संगणक आला, कितीही जी आले, तरी याखाली जाता येणार नाही. पुणे आणि न्यू जर्सी यांच्यात एकत्र गाणं या पिढीला जमणार नाही आणि पुढच्याही.

आणि पुणे-सांगली? दोनशे तीसेक किलोमीटर. एक मिलिसेकंदाच्या थोडं वर! म्हणजे पुण्यातला गवई आणि सांगलीतला तबलजी तारेच्या हिशोबाने मैफलीतल्या बैठकीपेक्षाही जवळ बसले आहेत. तरी त्यांच्या कॉलमध्ये उशीर असतोच. तो येतो तो वाटेतल्या कारकुनीतून. आवाजाचे तुकडे करायचे, ॲपमध्ये बहुतेकदा वीस-वीस मिलिसेकंदांचे. तुकडा पूर्ण भरल्याशिवाय तो निघतच नाही. मग तो आवळायचा, पाठवायचा, पलीकडे उलगडायचा. शिवाय इंटरनेटवर तुकडे नियमित पोचत नाहीत. एसटी वीस-वीस मिनिटांनी सुटते, पण घाट ओलांडून पोचताना कधी दोन एकदम, कधी पाऊण तास एकही नाही. पुढच्या स्थानकावरून नियमित गाड्या सोडायच्या असतील तर दोन-तीन गाड्या आधीच राखून ठेवाव्या लागतात. ॲपसुद्धा पलीकडच्या टोकाला असेच तुकडे साठवून मग वाजवतं. वायफाय जितकं लहरी तितका साठा मोठा, आणि तितका उशीर. त्यावर कुणी बिनतारी ब्लूटूथ इअरफोन घातले तर शंभर-दोनशे मिलिसेकंद तिथेच गेले. हा सगळा उशीर माणसांनी घातलेला आहे, बोलण्याच्या सोयीसाठी. तो काढताही येतो. चेफ आणि हुआन-पाब्लो कासेरेस यांनी स्टॅनफर्डमध्ये 'जॅकट्रिप' नावाची मोफत प्रणाली बनवली, तिचं काम एवढंच : आवाज आवळायचा नाही, सजवायचा नाही, साठा कमीत कमी ठेवायचा. टाळेबंदीत परदेशातल्या कितीतरी गायनवृंदांनी ती वापरली. तारेचं इंटरनेट आणि थोडी खटपट लागते. दोन्ही गोष्टी आपल्याकडे आता दुर्मीळ नाहीत.

इथवर लयीचं झालं. सुराचं काय? इथे दोष उशिराचा नाही, आणि आम्हाला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

कॉलचं ॲप आवाज पाठवण्याआधी तो 'स्वच्छ' करतं. त्याला गोंगाट आणि बोलणं वेगळं करायचं असतं. गोंगाट ओळखायचा कसा? १९७९ साली स्टीव्हन बोल यांनी मांडलेली एक जुनी आणि फार हुशार कल्पना अशी : बोलणं सतत बदलतं. अक्षरं येतात, जातात, मध्ये थांबे पडतात. पंखा, एसी, गाडीचं इंजिन बदलत नाही. तेव्हा आवाजातला जो भाग स्थिर आहे तो मोजा आणि वजा करा. आजची ॲप यापुढे खूप गेली आहेत, हजारो तासांच्या बोलण्यावर शिकवलेली आहेत, पण मुळातली समजूत बरीचशी तीच राहिली : बदलतं ते माणसाचं, स्थिर ते यंत्राचं.

आता या समजुतीच्या पुढ्यात तानपुरा ठेवा. चार तारा, तोच क्रम, अखंड, बदल जवळजवळ नाही. ॲपच्या दृष्टीने हा पंखाच. ते इमानेइतबारे तानपुरा पुसायला घेतं. पलीकडे शिष्येला गुरुजींचा आवाज ऐकू येतो, तानपुरा मधूनच उगवतो, मधूनच बुडतो. गुरुजी गायला लागले की त्यांच्या आवाजाच्या आडून तो जरा डोकावतो, ते थांबले की नाहीसा. आपल्याकडे नेमकं उलटं हवं असतं. गवई थांबतो तेव्हाच तानपुरा ऐकायचा असतो.

यापुढची पायरी आणखी वाईट. खर्ज भरायला बसलेला विद्यार्थी मंद्र षड्ज लावून दहा-पंधरा सेकंद स्थिर ठेवतो. स्वर जितका स्थिर तितका ॲपला संशय. सुरुवातीचा स्वर पोचतो, मग पातळ होतो, विरतो. गुरुजींना वाटतं श्वास पुरत नाही. शिवाय खोल खर्ज मुळातच लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरला झेपत नाही. वरच्या स्वनांवरून कान तो मनातल्या मनात भरून काढतो, म्हणून आपल्या ते लक्षात येत नाही. आमच्या गायनपरंपरेतली पहिली, सगळ्यात मूलभूत साधना म्हणजे स्वर न हलवता धरणे. ॲपच्या हिशोबात ती गोंगाटाची व्याख्या आहे.

आवाज आपोआप लहानमोठा करणारी आणखी एक यंत्रणा असते. कुजबुजलेलं मोठं करायचं, ओरडलेलं लहान. बैठकीला सोयीची. पण गुरुजींनी मुद्दाम आवाज आत घेऊन लावलेली मींड पलीकडे तेवढ्याच ठसठशीत आवाजात पोचते. शिष्या तशीच ठसठशीत उतरवते. तिचा काय दोष?

चौथी यंत्रणा प्रतिध्वनी काढणारी. स्पीकरमधून आलेला समोरच्याचा आवाज माइकमध्ये शिरून परत त्याच्याकडे जाऊ नये म्हणून ॲप तो वजा करतं. दोघं एकदम बोलायला लागले की ते गोंधळतं आणि बऱ्याचदा एकाला दाबतं. बोलताना यात काही बिघडत नाही, उलट शिस्त लागते! पण तालमीत गुरू आणि शिष्य एकदम गातात. गुरू गात असताना शिष्य त्याच्या आवाजात आवाज मिसळतो, अर्धी तान त्याच्यामागे धावतो, हरवतो, परत सापडतो. मैफलीत मागे तानपुऱ्यावर बसून स्वर भरतो. हे शिकणं 'माझ्यानंतर म्हण' या शिकण्यापेक्षा वेगळं आहे. एकात शिष्य नक्कल करतो, दुसऱ्यात तो गुरूच्या श्वासाचा अंदाज घ्यायला शिकतो. कॉलवर पहिलं शिल्लक राहतं, आणि दुसरं ॲप जवळजवळ बंदच करून टाकतं, तेही कुणाला न विचारता.

म्हणून माणूस-संगणक संवादाच्या अभ्यासात एक प्रश्न फार वेळा विचारावा लागतो : हे बनवताना डोळ्यांसमोर कोण होतं? इथे उत्तर स्वच्छ आहे. कार्यालयातली बैठक होती. त्यात कुणाचा दुष्टावा नाही. पण साधन ज्याच्यासाठी बनतं त्याची व्याख्या ते सगळ्यांवर लादतं. काही ॲपमध्ये आता 'मूळ आवाज' किंवा 'संगीत' अशा नावाची सेटिंग आली आहे. ती संगीतकारांच्या तक्रारींतून आली, आणि बहुतेकदा ती तीन मेनूंच्या आत पुरलेली असते. पासष्ट वर्षांच्या गुरुजींनी ती शोधावी अशी अपेक्षा करणं हाही आराखड्यातलाच दोष आहे, गुरुजींचा नाही.

अंतराचा प्रश्न सुटत नाही म्हटल्यावर संशोधक दुसऱ्या वाटांनी गेले. त्यातल्या दोन आपल्या कामाच्या आहेत.

एक वाट म्हणजे उशीर कमी करण्याऐवजी वाढवायचा! २००५ मध्ये आलेलं 'निन्जॅम' हे करतं. प्रत्येक वादकाला इतरांचं ऐकू येतं ते एक पूर्ण आवर्तन आधीचं. उशीर बरोबर एका आवर्तनाचा असल्याने लय जुळलेली राहते. चार पट्ट्यांचा क्रम गोल गोल फिरवणाऱ्या पाश्चात्त्य ढंगाच्या वादनाला हे झकास चालतं. आपल्याकडे? लेहऱ्याला चालेल. भजनाच्या ठेक्याला चालेल. ख्यालात मात्र गायिका तिहाई घेऊन समेवर येते, आणि तबलजीची दाद तिला पुढच्या समेवर मिळते. विनोद ऐकून दुसऱ्या दिवशी हसल्यासारखं.

दुसरी वाट थेट तबल्याचीच आहे. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिहिर सरकार यांनी २००७ मध्ये 'टॅब्लानेट' नावाची प्रणाली प्रबंधासाठी बांधली. तिच्यात आवाज पाठवतच नाहीत. तबल्याला लावलेल्या संवेदकांवरून संगणक बोल ओळखतो, धा, तिं, ना, आणि फक्त बोलांची नावं पाठवतो. पलीकडचा संगणक आतापर्यंतच्या बोलांवरून पुढचा बोल कोणता येईल याचा अंदाज बांधतो आणि तो आधीच, लयीत, वाजवून ठेवतो. खरा बोल पोचेपर्यंत त्याचा अंदाज वाजून गेलेला असतो. उशीर नाहीसा झाला!

कल्पना सुंदर आहे आणि तबल्याला शोभणारी आहे. बोल तोंडाने म्हणता येतात, लिहिता येतात. ज्या वाद्याची स्वतःची भाषा आहे त्याच्याच बाबतीत हे सुचू शकतं. पण तिची मर्यादा तिच्या पोटातच आहे. ठेका चालू असताना अंदाज बरोबर येणारच, कारण ठेका ठरलेला आहे. तबलजीने अनपेक्षित ठिकाणाहून तुकडा उचलला की अंदाज चुकणार, आणि श्रोता मान वर करतो ती नेमकी त्याच क्षणी. वादकाचं वादन जितकं त्याचं स्वतःचं, तितका संगणक चुकण्याचा संभव जास्त. मग पलीकडे ऐकू येतो तो त्या वादकाचा सरासरी भाऊ. शिकणाऱ्याच्या रियाझाला एवढं पुरेसं असेल, हे आम्ही मान्य करतो. त्याला मैफल म्हणायला आमचा जीव धजत नाही.

आता ज्यांची शिकवणी उद्या सकाळी आहे त्यांच्यासाठी. दोन्हीकडे तारेचे हेडफोन घाला. मग स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरत नाही आणि प्रतिध्वनीची यंत्रणा बिनधास्त बंद करता येते. गोंगाट काढणं आणि आवाज आपोआप लहानमोठा करणं, दोन्ही बंद करा. घरातल्या कुणा तरुणाला ते मेनू शोधायला बसवा. वायफायऐवजी केबल लावा. तानपुरा पाठवू नका. दोन्हीकडे आपापला, एकाच पट्टीत, लावून ठेवा. तानपुऱ्याला सम नसते, त्यामुळे उशिराचा त्याला उपद्रव नाही. आलापी, मींड, स्वरांचे लगाव हे सगळं एवढ्यावर चांगलं शिकवता येतं. आमच्या मते निम्म्याहून अधिक तालीम यात बसते.

तबला किंवा लेहरा मात्र शिष्याकडेच हवा. शिष्य आणि ठेका यांचे आवाज एकाच ठिकाणाहून निघाले की दोघांना सारखाच उशीर होतो, आणि गुरूला ते जुळलेले ऐकू येतात. चूक खरोखर शिष्याची असेल तरच ती चूक म्हणून ऐकू येते. गुरूने त्या वेळी हाताने ताल धरायचा मोह आवरायचा, एवढीच अट. आणि एकत्र गाण्याचा भाग? सांगली-पुण्यासारख्या अंतरावर तो तांत्रिकदृष्ट्या आजही शक्य आहे, जॅकट्रिपसारखं साधन घ्यायची तयारी असेल तर. न्यू जर्सीच्या शिष्येने त्यासाठी वर्षातून महिनाभर इकडे यावं आणि मागे तानपुऱ्यावर बसावं.

वेळ झाली आहे. मागच्या रांगेतून मघापासून एक हात वर आहे, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.